चाळीस दिवसांची कोंबडी

एक साधं गणित घ्या. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं ब्रॉयलरचं पिल्लू साधारण ४० ग्रॅमचं असतं. चाळीसएक दिवसांनी तेच पिल्लू २ किलोचं होऊन दुकानातल्या पिंजऱ्यात बसतं. म्हणजे ५० पट वाढ! माणसाच्या बाळाने असं करायचं ठरवलं तर ३ किलोचं बाळ सव्वा महिन्यात १५० किलोचं होईल. आता याच कोंबडीची गावाकडची बहीण घ्या. उकिरडा उकरत, ज्वारीचे दाणे टिपत फिरणारी गावरान कोंबडी दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते, आणि तेही घारीच्या आणि मुंगसाच्या तावडीतून सुटली तर.

आपण इंजिनियरिंगवाले. आपल्याला असं काही दिसलं की पहिला प्रश्न पडतो, "हे मशीन चालतं कसं?" दुसरा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही, "याचं बिल कोण भरतं?" या लेखात दोन्ही प्रश्न घेणार आहे.

विषय डोक्यात यायचं कारण घरचंच आहे. माझ्या मामांचं गाव पेडगाव, परभणीजवळचं. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लाईनवर त्याचं छोटंसं स्टेशन आहे. मामांची काळी जमीन, सोयाबीन, तूर, कापूस. पाऊस बेभरवशाचा, भाव त्याहून बेभरवशाचा. तर मामांच्या मनात आहे ५००० पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड टाकायचं. एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, बँकेत चौकशी झाली. मला म्हणाले, "तू इंजिनेर व्हायलीस ना? मग हे शेड परवडतंय का नाही, ते कागदावर मांडून दाखव की."

माझी शाळा कॉन्व्हेंट. आमच्यासाठी फार्म म्हणजे ओल्ड मॅकडोनाल्डच्या गाण्यातलं फार्म. एक गाय, एक बदक, एक डुक्कर आणि सगळे आनंदात. तिथे बँकेचा हप्ता नव्हता. म्हणून मी शोधायला बसले.

हे मशीन बनलं कसं?

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, १९२३ साली. सेसिल स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून आली ५००. परत न पाठवता त्यांनी ती वाढवली आणि मांसासाठी विकली. त्याआधी कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी, मांस हा जोडधंदा. पुढे १९४० च्या दशकात तिथे जास्तीत जास्त छाती आणि मांडी असलेली कोंबडी तयार करण्याच्या चक्क स्पर्धा झाल्या. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या निवड करून आजचा ब्रॉयलर तयार झाला.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १९५७ सालची, १९७८ सालची आणि २००५ सालची अशा तीन काळांतल्या जाती घेतल्या आणि तिघींना एकच खाद्य घातलं. ५६ व्या दिवशी वजन भरलं अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम! म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात तसं "इंजेक्शन देऊन फुगवतात" हे कारण नाही. फरक मुख्यतः जातीत आहे. हार्मोनच्या इंजेक्शनची अफवा आपण आता सोडून द्यायला हरकत नाही. खरे प्रश्न वेगळे आहेत, ते पुढे येतीलच.

भारतात या धंद्याला उद्योगाचं रूप दिलं ते डॉ. बी. व्ही. राव यांनी. १९७१ साली त्यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढे पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र बनलं. अंड्यांचा भाव व्यापाऱ्यांनी ठरवायचा नाही, उत्पादकांनी ठरवायचा, या विचाराने १९८२ साली त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ती संडे-मंडेची जाहिरात याच समितीची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण फॅक्टरी म्हटली की आपण लगेच तिला व्हिलन करतो. माझ्या आजीच्या लहानपणी कोंबडी शिजायची ती जावई आला किंवा कुणी आजारी पडलं तरच. आज रोजंदारीवरचा माणूससुद्धा आठवड्याला पावशेर-अर्धा किलो चिकन घरी नेतो. प्रोटीन स्वस्त झालं ही छोटी गोष्ट नाही. हा इंजिनियरिंगचा विजयच आहे.

शेडच्या आत

आता मामांच्या शेडकडे येऊ. उघड्या बाजूंच्या शेडमध्ये एका पक्ष्याला जागा मिळते साधारण १ ते सव्वा चौरस फूट. मोठी कोंबडी वळून बसली की संपली जागा. ५००० पक्ष्यांना लागतं ६००० चौरस फूट, म्हणजे ३० फूट रुंद आणि २०० फूट लांब शेड. रुंदी ३० च्या फार पुढे नेत नाहीत, कारण मग वारा आरपार जात नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे ऊन आत येत नाही. खाली तुसाचा थर. आपल्याकडे भात नाही, त्यामुळे तूसही बाहेरून आणायचं.

माझी ब्रँच मेकॅनिकल, तेव्हा उष्णतेचं बघू. २ किलोची कोंबडी नुसती बसून निदान १० वॅट उष्णता बाहेर टाकते. ५००० कोंबड्या म्हणजे ५० किलोवॅट. २ किलोवॅटचे २५ हीटर शेडमध्ये रात्रंदिवस चालू आहेत असं समजा. परभणीचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाहेर ४३-४४ अंश, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पंखे, फॉगर, पत्र्यावर गवत आणि पाणी हे सगळं चालू ठेवावं लागतं. दुपारी दोन तास लाईट गेली तर? जनरेटर नसेल तर संध्याकाळी मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरायच्या. मोठ्या कंपन्या आता कूलिंग पॅड आणि मोठे एक्झॉस्ट फॅन लावलेली बंद शेडं बांधतात, पण त्याचा खर्च मामांच्या आवाक्यातला नाही.

आणि ही कोंबडी खाते काय? खाद्यात साधारण ६० टक्के मका आणि पाव हिश्शाहून थोडी जास्त सोयाबीनची पेंड असते. १ किलो वजन वाढायला साधारण १.६ किलो खाद्य लागतं. म्हणजे ५००० पक्ष्यांच्या १०,००० किलोला १६ टन खाद्य. त्यात साडेचार टन पेंड धरली तर ती काढायला साडेपाच टनांच्या वर सोयाबीन लागलं. एकरी ७ क्विंटल उतारा धरा, ८ एकर झाले. एका बॅचला ८ एकर! वर्षाला सहा बॅच म्हणजे ४८ एकर सोयाबीन एकट्या मामांच्या शेडमध्ये जाणार. म्हणजे "एवढ्याशा जागेत एवढं मांस" हे अर्धसत्य आहे. जागा लागतेच, फक्त ती शेडच्या बाहेर असते, बऱ्याचदा आपल्याच शेतात.

आणि इथे एक गंमत आहे, पण हसू न येणारी. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेला. शेतकरी खूश. पण पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाले अडचणीत आले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याचा भाव खाली आला. मामांनी शेड टाकलं तर ते एकाच वेळी दोन्ही बाजूंना असतील. धुऱ्यावर उभे राहिले की सोयाबीन महाग हवं, शेडमध्ये गेले की स्वस्त हवं.

करार: कोणाचं काय?

आता पैशाचं. बहुतेक शेडं आज करारावर चालतात. १९९० च्या दशकात कोइमतूर भागात ही पद्धत रुजली आणि मग महाराष्ट्रात पसरली. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, सुपरवायझर पाठवते आणि शेवटी पक्षी घेऊन जाते. शेतकऱ्याने द्यायचं ते जागा, शेड, लाईट, पाणी, तूस आणि घरातल्या माणसांचे हात. पक्षी कंपनीचे असतात. शेतकऱ्याला मिळतो किलोमागे वाढवण्याचा दर.

यातली चांगली बाजू आधी सांगते. बाजारात चिकनचा भाव कोसळला तर तो तोटा कंपनीचा. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव मातीमोल झाले, लोकांनी पक्षी फुकट वाटले, पिल्लं पुरली. ज्यांचे पक्षी स्वतःचे होते ते तिथेच झोपले. करारवाला त्या दिवशी वाचला. शिवाय कोंबडखत शेतकऱ्याला मिळतं, ते रानाला सोन्यासारखं.

आता मामांनी इकडून तिकडून विचारून आणलेले आकडे मांडते. हे गृहीत आकडे आहेत, तुमच्या गावात वेगळे निघतील, पण पद्धत तीच. समजा शेडला १५ लाख खर्च, सगळं कर्ज, ११ टक्के व्याज, ७ वर्षं. हप्ता वर्षाला साधारण ३ लाख ८ हजार. ५ टक्के मर धरली तर बॅचला ९,५०० किलो. किलोला ८ रुपये धरले तर ७६,००० रुपये. लाईट, तूस, मजुरी, पिल्लांना ऊब द्यायचा गॅस यांचे २०,००० वजा केले, उरले ५६,०००.

वर्षाला सहा बॅच झाल्या तर ३ लाख ३६ हजार. हप्ता भरून हातात २८,००० रुपये.
वर्षाला पाच बॅच झाल्या तर २ लाख ८० हजार. हप्ता भरायला २८,००० रुपये कमी.

मी हे तीनदा तपासलं. सगळा धंदा एका बॅचवर उभा आहे! आणि ती बॅच कधी टाकायची, हे मामा ठरवत नाहीत. भाव पडला की कंपनी पिल्लं उशिरा टाकते, मे महिन्यात मर जास्त म्हणून टाळते. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण शेड रिकामं असलं तरी बँकेचा हप्ता रिकामा राहत नाही. म्हणजे "भावाचा धोका कंपनीचा" हे वाक्य पूर्ण करायचं तर असं होईल: भावाचा धोका कंपनीचा, रिकाम्या शेडचा धोका शेतकऱ्याचा. सात वर्षं टिकलं तर शेड आपलं, आणि मग खरंच चार पैसे सुटतात. प्रश्न सात वर्षं टिकण्याचा आहे.

मुरुंबा विसरून चालणार नाही

जानेवारी २०२१. परभणी तालुक्यातल्याच मुरुंबा गावात दोन-तीन दिवसांत आठ-नऊशे कोंबड्या मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: बर्ड फ्लू. त्यानंतर नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करायचे, भोवतालच्या १० किलोमीटरवर नजर ठेवायची, खरेदी-विक्री बंद. देशात पहिल्यांदा हा रोग सापडला तोही आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथे लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये नवापूरला तो परत आला.

रोग शेडमध्येच जन्माला येतो असं मी म्हणणार नाही. तो रानपक्ष्यांतूनही येतो आणि गावरान कोंबडीलाही होतो. पण विचार करा, एकाच वयाच्या, एकाच वंशाच्या, फूटभर अंतरावर बसलेल्या हजारो पक्ष्यांमध्ये तो शिरला तर त्याला अडवणारं काय आहे? नेटवर्किंगवाल्यांना कळेल. सगळ्या कॉम्प्युटरना एकच पासवर्ड असल्यासारखं आहे ते. आणि एक किलोमीटरच्या वर्तुळात शेजारणीच्या चार गावरान कोंबड्याही जातात, ज्यांचा त्या शेडशी काहीही संबंध नसतो.

मर होऊ नये म्हणून मग औषधं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन नावाचं औषध आहे. माणसावर दुसरं काही चालेनासं झालं की डॉक्टर ते शेवटचं म्हणून काढतात. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी वापरलं जायचं! जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्य देणाऱ्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, हे चांगलं झालं. पण जिवाणू जर औषधाला सरावला, तर तो परभणीच्या शेडमधून सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात यायला तिकीट काढत नाही. हे बिल चिकन न खाणाऱ्यालाही येतं.

मामींचा हिशोब

मामा शेडचा हिशोब करत होते तेव्हा मामींच्या पंधरा-वीस कोंबड्या अंगणात फिरत होत्या. मी सहज विचारलं, "मामी, तुमच्या कोंबड्यांचा हिशोब मांडू का?" तर म्हणाल्या, "माझ्या कोंबड्याचा कशाला हिशोब करायलीस माय? मीठमिरची निघती, पोरीला वह्या येत्यात, झालं."

पण तोच तर हिशोब! शेडचा पैसा बँकेच्या खात्यातून फिरून जातो. मामींच्या कोंबडीचा पैसा मामींच्या हातात राहतो. पाहुणा आला, कोंबडी कापली. पैसे लागले, बाजारात नेली. भांडवल नाही, हप्ता नाही, खाद्य म्हणजे खळ्यावरचे दाणे, शिळी भाकरी आणि वाळवी-किडे. देशातही हे काही संपत चाललेलं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले, त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले होते. आणि परसातल्या पक्ष्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा तब्बल ४६ टक्क्यांनी वाढली, व्यापारी पक्ष्यांची ५ टक्क्यांहून कमी.

मटणाचंही तसंच. बकऱ्याची फॅक्टरी अजून आपल्याकडे नाही. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी, काळीभोर, बऱ्याचदा जुळी देणारी, ती आजही बांधावर चरूनच वाढते. गावात सणाला आठ-दहा घरं मिळून एक बकरं घेतात, कापतात आणि सारखे वाटे करतात. ज्याचं बकरं तो समोर, खाणारे समोर, वजनात मारायची सोय नाही. "लोकल खरेदी करा" असं पोस्टरवर छापायची आजकाल फॅशन आहे. आमच्या गावात त्याला नुसतं "वाटा घेतला" म्हणतात.

म्हणून गावरान म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. मामींच्या कोंबड्यांची खरी शत्रू घार नाही, मानमोडी आहे. राणीखेत म्हणतात तो रोग. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हागते, आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं. दर एक-दोन वर्षांनी हे होतं आणि लोक म्हणतात, "मर आली." याची लस आहे, स्वस्त आहे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. मग मामी देत का नाहीत? मला उत्तर सापडलं तेव्हा मी उडालेच. लसीची बाटली येते निदान १०० डोसांची. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. १५ कोंबड्या असलेल्या बाईने १०० डोसांचं करायचं काय? म्हणजे शेडवाला जिंकतो तो त्याची कोंबडी चांगली म्हणून नाही. लस, खाद्य, बाजार सगळं ५००० च्या मापाने बनवलंय म्हणून.

मग आम्ही दिवाळीच्या सुट्टीत एक काम केलं. मामींनी आळीतल्या नऊ घरांना सांगितलं. दवाखान्यातून विचारून, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली आणि पहाटे खुराडी उघडायच्या आधी घरोघर फिरून पिल्लांच्या डोळ्यात एकेक थेंब घातला. मोठ्या कोंबड्यांना पंखाखाली टोचायची लस वेगळी, ती दवाखान्यातल्या माणसाने दिली. दोन तासांत ८७ पक्षी झाले. एक खुडूक कोंबडी मला अशी चावली की खूण अजून आहे. उन्हाळा येईल तेव्हा कळेल किती वाचल्या ते. पण खर्च घरटी एका चहाच्या आसपास आला.

"गावरान"च्या नावानेही फसवतात बरं का

हा इशारा देणं गरजेचं आहे. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्या नावाने बाजार तापला. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेतले, पक्षी दिले, अंडी आणि कोंबड्या चढ्या भावाने परत घेऊ म्हणून सांगितलं. २०१९ मध्ये ते सगळं कोसळलं आणि राज्यभरातले शेतकरी अडकले. कोंबडी देशी होती, परसातली म्हणूनच विकली गेली होती. पण करार एकतर्फी होता. तेव्हा शब्द "देशी" आहे की "ब्रॉयलर" याने काही ठरत नाही. धोका कोणाच्या गळ्यात आहे, ते बघायचं.

मग खायचं काय आणि करायचं काय?

गावरान सगळ्यांना पुरेल का? आमच्या मेसचं गणित घालून बघितलं. ३०० मुलं, रविवारी प्रत्येकी १५० ग्रॅम, म्हणजे ४५ किलो. गावरान कोंबडीचं कापून ९०० ग्रॅम धरलं तर ५० कोंबड्या. वर्षाचे ४० रविवार, २००० कोंबड्या. एका घराने घरचं खाऊन वर्षाला ३० विकल्या तर ६७ घरं लागतील. पेडगावसारख्या गावात ६७ घरं सहज निघतील! एका मेसला एक गाव पुरतं. पण पुणे-मुंबईला नाही पुरणार, आणि भाव ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट असेल. म्हणजे दर रविवारऐवजी एक रविवार सोडून. मला तरी तो सौदा वाईट वाटत नाही.

मधला रस्ताही आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, बंगळूरची गिरिराजा. या परसातच वाढतात, गावरानपेक्षा लवकर वजन धरतात आणि वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देतात. गावरान साठ-सत्तरवर थांबते. फक्त त्या स्वतः खुडूक बसत नाहीत, पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात, हे लक्षात ठेवायचं. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विचारायला लांब जायची गरज नाही.

आणि मामा? त्यांना मी "टाका" किंवा "टाकू नका" असं सांगितलं नाही. वीस वर्षांच्या पोरीने ते सांगू नये. मी कागदावर पाच प्रश्न लिहून दिले, कंपनीच्या माणसाला विचारायला: वर्षाला किती बॅच देणार, हे करारात लिहून देता का? शेड रिकामं राहिलं तर काही भाडं मिळेल का? रोग आला तर नुकसान कसं वाटायचं? खाद्याचं आणि पक्ष्यांचं वजन माझ्यासमोर करणार का? करार मराठीत मिळेल का?

त्या माणसाने शेवटच्या प्रश्नाला लगेच "हो" म्हटलं. चौथ्याला थोडा विचार करून "बघू" म्हटलं. पहिल्या तिघांना "वरच्या साहेबांना विचारून सांगतो" म्हणून गेला, अजून फोन आलेला नाही. मामांनी सही केलेली नाही. ते म्हणाले, "ह्या तीन प्रश्नाची उत्तरं आल्याबिगर बँकेची पायरी चढायची नाही."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. चिकनच्या किलोच्या भावात जे दिसत नाही, ते कुठेतरी उगवतंच. रिकाम्या शेडच्या हप्त्यात, मुरुंब्यासारख्या गावात, हॉस्पिटलच्या वॉर्डात. ब्रॉयलर खाऊ नका, असं मी सांगत नाही. मी स्वतः खाते. पण आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी अजून गावाकडे जमीन आहे, आणि कुठल्या ना कुठल्या मामाकडे असा कंपनीचा माणूस येणारच आहे. तेव्हा घरातल्या शिकलेल्या माणसाने कॅल्क्युलेटर काढावा, सहा बॅचचं गणित पाच बॅचनेही करून बघावं, आणि अंगणात कोणाच्या कोंबड्या आहेत त्यांनाही एकदा विचारावं.